आठ आणे रोज : मराठी गद्यातली आई, कृतज्ञता आणि हक्क

नाशिकच्या कारागृहात ९ फेब्रुवारी १९३३ रोजी साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहायला घेतली आणि १३ तारखेच्या पहाटे तिचा मोठा भाग हातावेगळा केला. १९३५ साली पुस्तक निघाले, १९५३ साली आचार्य अत्र्यांनी त्यावर चित्रपट काढला आणि त्या चित्रपटाला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले. तेव्हापासून मराठी घरात ‘आई’ म्हटले की एक विशिष्ट स्त्री डोळ्यांसमोर येते : कोकणातली, गरिबीत पिचलेली, स्वतः उपाशी राहून मुलाला घडवणारी आणि अखेर अंथरुणाला खिळून जाणारी. तिचा जन्म आमच्या गावच्या तुरुंगात झाला, याचा नाशिककरांना अभिमान आहे आणि तो असायलाही हवा.

त्याआधी साडेचार वर्षे, २८ जुलै १९२८ रोजी, मुंबई विधिमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर आईविषयीच बोलत होते. गिरणी-कारखान्यांतल्या बायकांना बाळंतपणासाठी पगारी विश्रांती मिळावी, असे विधेयक सभागृहापुढे होते. ते १९२९ साली मंजूर झाले. बाळंतपणाच्या आधीच्या आणि नंतरच्या ठरावीक आठवड्यांसाठी मालकाने कामगार बाईला रोजचे आठ आणे द्यावेत, असे या कायद्याने सांगितले. हिंदुस्थानातला या प्रकारचा हा पहिला कायदा. ना. म. जोशी यांनी १९२४ साली मध्यवर्ती कायदेमंडळात असेच विधेयक आणले होते, पण ते मंजूर झाले नव्हते.

‘श्यामची आई’ आणि विधिमंडळातले हे भाषण एकाच दशकातले आहेत. दोहोंचा विषय आई आहे, तिचे थकलेले शरीर आहे. एक मजकूर शाळेत वाचला जातो, त्याची पारायणे होतात. दुसरा ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर : रायटिंग्ज अँड स्पीचेस’च्या दुसऱ्या खंडात आहे आणि मराठी साहित्याच्या चर्चेत त्याचा उल्लेख क्वचितच होतो. या निबंधात मी दोन्ही मजकूर शेजारी ठेवून वाचणार आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे : मराठी गद्याने आईला कृतज्ञतेचा विषय केले, पण हक्क सांगणारी व्यक्ती म्हणून तिला फार उशिरा आणि फार थोड्या ठिकाणी पाहिले. हक्काची भाषा आपल्याकडे नव्हती असे नाही. आपण ती ‘समाजसुधारणा’ नावाच्या कप्प्यात ठेवली आणि साहित्य वेगळ्या कप्प्यात. या वाटणीची किंमत आजही बायकाच चुकवत आहेत.

एक आक्षेप आधीच घेतला जाईल. आंबेडकरांचे भाषण इंग्रजीत आहे, ते साहित्य म्हणून लिहिलेले नाही. हे खरे आहे. पण ज्या बायकांबद्दल ते बोलत होते त्यांतल्या कितीतरी कोकणातून आणि घाटावरून मुंबईच्या गिरण्यांत गेलेल्या मराठी बायका होत्या. आपल्या समाजाने आईविषयी काय काय म्हटले आहे याचा शोध घ्यायचा तर भाषेची आणि वाङ्मयप्रकाराची सोवळी थोडी बाजूला ठेवावी लागतील.

१. ताप कुणी पाहिला?

‘श्यामची आई’च्या पहिल्याच रात्रीची गोष्ट वटसावित्रीच्या व्रताची आहे. आईला हिवतापाने अशक्तपणा आला आहे. वडाला प्रदक्षिणा घालायच्या तर घेरी येते. म्हणून ती श्यामला आपल्या वतीने प्रदक्षिणा घालायला सांगते. बायकांच्या घोळक्यात जायला श्याम लाजतो. लाज वाईट कामाची वाटावी, याची नाही, असे आई त्याला समजावते आणि श्याम जातो.

या गोष्टीचे दोन पदर आहेत आणि आपण आजवर एकच वाचत आलो. मातृभक्तीचा पदर सगळ्यांना दिसला. दुसरा पदर असा, की ‘बायकांचे’ म्हणून ठरलेले काम एक मुलगा स्वतःच्या अंगावर घेतो. लोक हसतील ही भीती ओलांडून घेतो आणि ते घ्यायला त्याला आई शिकवते. घरातले ओझे वाटून घेण्याचा धडा पुस्तकाच्या अगदी पहिल्या प्रकरणात आहे. मराठी घरांनी हा धडा उचलला असता तर बाळंतपणानंतर नवऱ्यालाही रजा हवी, हे आज समजावून सांगावे लागले नसते. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्याला ही रजा मिळते ती पंधरा दिवसांची. खासगी नोकरीत ती बहुधा मालकाच्या मर्जीवर असते.

पण त्याच गोष्टीत जे विचारले जात नाही तेही पाहावे लागेल. आईला ताप आहे. त्या तापावर औषध काय चालले आहे, ती किती बाळंतपणांतून गेली आहे, घरातल्या कोणत्या कामातून तिला सुटका आहे, हे प्रश्न गोष्टीच्या कक्षेत येत नाहीत. ताप हा श्यामच्या सेवेचा प्रसंग होतो. पुढे धाकटा यशवंत जातो, घराचे वैभव जाते आणि शेवटी ‘आईचा शेवटचा आजार’ येतो. प्रत्येक वेळी आईचे शरीर मुलाच्या मनाला वळण लावण्याचे साधन ठरते. तिच्या सोसण्याचा अर्थ मुलाच्या घडण्यात शोधला जातो.

याच पुस्तकात मथुरी आहे. घरी कांडपाला येणारी ही बाई आजारी पडते आणि श्यामची आई तिच्याशी मायेने वागते. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, कारण यात आजारी पडलेली स्त्री दुसऱ्याच्या घरी मजुरी करणारी आहे. मालकीण आणि मजूर असे नाते आहे आणि मालकिणीने आजारी मजुराशी कसे वागावे, हा प्रश्न आहे. पुस्तकाचे उत्तर आहे : दयेने. श्यामच्या आईसारखी यजमानीण असेल तर मथुरीचे निभावते. नसेल तर? या प्रश्नाशी पुस्तक थांबते. १९२९ चा कायदा नेमका तिथून सुरू होतो. मालक दयाळू आहे की कठोर, याच्याशी कायद्याला कर्तव्य नाही. आठ आणे द्यायचेच आहेत.

साने गुरुजींनी हे लिहायला हवे होते, असा माझा आरोप नाही. मुलाने आईविषयी लिहिलेले ते पुस्तक आहे आणि तुरुंगात, आठवणींच्या भरात लिहिलेले आहे. दळण, कांडण, दागिने मोडणे, सावकाराचे अपमान असे बारीकसारीक तपशील त्यात इतक्या प्रामाणिकपणे आले आहेत, की बाईच्या कष्टांचा दस्तऐवज म्हणूनही ते वाचता येते. तक्रार आहे ती आपल्या वाचनाबद्दल. आपण अश्रू घेतले आणि दस्तऐवज ठेवून दिला.

२. विधिमंडळातली आई

आता दुसरा मजकूर. आंबेडकरांचे भाषण लांब नाही आणि त्यात आईचे गुणगान जवळजवळ नाही. युक्तिवादाची रचना साधी आहे. बाळंतपणापूर्वी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे. म्हणून या खर्चाचा मोठा भार खरे तर सरकारने उचलायला हवा. पण सरकार तो उचलत नाही, म्हणून मालकाला मोकळे सोडता येत नाही. काही उद्योगांत मालक बायकांना कामावर ठेवतो, कारण पुरुषांपेक्षा त्यांच्या श्रमातून त्याला अधिक फायदा होतो. जो फायदा घेतो त्याने भारही काही प्रमाणात सोसावा.

यात ‘राष्ट्राचे हित’ हे शब्द ऐकून आजचा वाचक थोडा बिचकेल. स्त्रीचा हक्क तिच्या उपयुक्ततेवर का टेकवायचा, असे विचारता येईल. १९२८ च्या सभागृहात गिरणीमालकांचे हितसंबंध समोर असताना तो युक्तिवाद उपयोगी पडणारा होता, हे एक उत्तर. पण मला त्यात आणखी काही दिसते. मूल ही एका घराची खासगी बाब नाही, मूल जन्माला घालणे हे समाजासाठी केलेले काम आहे, असे हा युक्तिवाद म्हणतो. एकदा ते ‘काम’ ठरले, की त्याचा मोबदला, त्याची विश्रांती आणि त्याची जबाबदारी कुणाची, हे प्रश्न आपोआप येतात. ‘श्यामची आई’त आईचे ऋण मुलगा फेडतो. आंबेडकरांच्या भाषणात ते सरकार आणि मालक यांच्या नावे लिहिले जाते. दोन्ही मजकुरांतला फरक इथे आहे. भावनेची तीव्रता कमी-जास्त असण्याशी त्याचा संबंध नाही.

नाशिकमध्ये आंबेडकरांचे नाव घेतले की २ मार्च १९३० रोजी सुरू झालेला काळाराम मंदिराचा सत्याग्रह आठवतो, येवल्याची १९३५ ची घोषणा आठवते. दोन्ही आठवणी आमच्या जिल्ह्याच्या इतिहासाचा कणा आहेत. त्या सत्याग्रहात बायकाही मोठ्या संख्येने होत्या. सत्याग्रह उभा राहण्याच्या दीड वर्ष आधी त्याच नेत्याने कामगार बाईच्या बाळंतपणाचा प्रश्न सभागृहात मांडला होता. मात्र ही गोष्ट आमच्याकडच्या जयंतीच्या भाषणांतही सहसा येत नाही. देवळाचे दार आणि गिरणीचे दार या दोन्ही ठिकाणी एकच प्रश्न होता : दया मागायची की हक्क सांगायचा?

३. कर्व्यांचे अर्धे उत्तर

हक्काच्या भाषेचा दुसरा धागा र. धों. कर्व्यांचा. १९२१ साली, म्हणजे लंडनमध्ये मेरी स्टोप्सने आपले केंद्र उघडले त्याच वर्षी, कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. जुलै १९२७ पासून १९५३ मधल्या त्यांच्या निधनापर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले. या कामापायी प्राध्यापकाची नोकरी गेली, अश्लीलतेचे खटले झाले, दंड झाले. पत्नी मालतीबाई पाठीशी होत्या, म्हणून संसार तरला.

कर्व्यांचे गद्य हा मराठीतला एक वेगळाच नमुना आहे. त्यात अलंकार नाहीत, आर्जव नाही. शरीराच्या अवयवाला त्याच्या नावाने हाक मारायची, वाचकाने प्रश्न विचारला तर सरळ उत्तर द्यायचे, धर्मशास्त्राची साक्ष काढायची नाही. या गद्याने मराठीला पहिल्यांदा एक गोष्ट दिली : मूल नको असेल तर स्त्री तसे म्हणू शकते आणि त्यासाठी तिला कारण द्यावे लागत नाही. स्त्रीच्या शरीरसुखाचा उल्लेख कर्वे अपराधी स्वरात करत नाहीत. त्या काळात हे केवढे धाडस होते याची कल्पना यावी म्हणून त्याच वर्षांतले एक साहित्यिक उदाहरण सांगतो. १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ हा विभावरी शिरूरकरांचा कथासंग्रह निघाला. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या अविवाहित मुलींच्या मनातले त्यात आले होते. त्यावर एवढे वादळ उठले, की टोपणनावामागची लेखिका कोण याचाच शोध सुरू झाला. पुढच्या ‘हिंदोळ्यावर’ या कादंबरीत नवऱ्याने टाकलेली अचला लग्नाबाहेर मातृत्व स्वीकारू पाहते. इतर लेखक आईला देव्हाऱ्यात बसवत होते, तेव्हा ही लेखिका विचारत होती की आई व्हायचे की नाही आणि कुणाबरोबर, हे कोण ठरवणार?

तरी कर्व्यांच्या लेखनाला एक मर्यादा आहे. त्यांचा वाचक शिकलेला, मासिक विकत घेऊ शकणारा आहे. विवेकाने विचार केला तर माणूस सुखी होईल, हा त्यांचा विश्वास आहे. मजुरीवर जाणाऱ्या बाईला पाळणा लांबवायचे साधन मिळाले, तरी बाळंतपणात तिची मजुरी बुडते त्याचे काय, हा प्रश्न त्यांच्या विचाराच्या केंद्रात येत नाही. शरीराचा हक्क त्यांनी मांडला, श्रमाचा मांडला नाही.

हे दोन धागे १९३४ साली न्यायालयात एकत्र आले. ‘समाजस्वास्थ्य’मध्ये वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून कर्व्यांवर खटला झाला आणि त्यांचे वकीलपत्र आंबेडकरांनी घेतले. लैंगिक विषयावर लिहिले म्हणजे ते अश्लील ठरत नाही, हा त्यांचा मुद्दा होता. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. या प्रसंगावर अजित दळवींनी ‘समाजस्वास्थ्य’ हे नाटक लिहिले आणि अतुल पेठे यांनी ते रंगमंचावर आणले. त्याआधी २००१ मध्ये अमोल पालेकरांनी ‘ध्यासपर्व’ हा कर्व्यांवरचा चित्रपट केला होता. दोन्ही कलाकृतींनी कर्व्यांना विस्मरणातून बाहेर काढले. मात्र दोन्हींच्या मध्यभागी एकाकी पुरुष सुधारक आहे. ज्या बायकांसाठी हे चालले होते त्या बहुतेक वेळ कडेला उभ्या आहेत.

दोन्ही धाग्यांची खरी गाठ मला दिसते ती १० नोव्हेंबर १९३८ च्या मुंबई विधानसभेत. स्वतंत्र मजूर पक्षाचे पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाच्या प्रसाराचा अशासकीय ठराव मांडला. त्यामागचे भाषण आंबेडकरांनी तयार केलेले होते. गरिबी, बालमृत्यू, वारंवारच्या बाळंतपणांनी खंगणाऱ्या बायका असा त्याचा विस्तार आहे. मधेच एक वाक्य असे येते, की बाळंतपणाच्या वेणा पुरुषांना सोसाव्या लागल्या असत्या तर एकाहून अधिक मुलाला त्यांच्यातला कुणी तयार झाला नसता, अशा अर्थाचे. विधिमंडळाच्या कामकाजात असे वाक्य नोंदले गेले, हेच विलक्षण आहे. ठराव ११ विरुद्ध ५२ मतांनी पडला.

पुढचा इतिहास कडू आहे. संततिनियमन सरकारने उचलले खरे, पण बाईचा हक्क म्हणून नव्हे, लोकसंख्येचे उद्दिष्ट म्हणून. आणीबाणीत, १९७६ साली, महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने त्याचा कायदा झाला नाही, एवढेच. मूल नको म्हणण्याचा हक्क आणि मूल होऊ न देण्याची सक्ती यांतला फरक ज्या समाजाला कळत नाही, त्याने कर्वेही नीट वाचलेले नसतात आणि आंबेडकरही.

४. विहितगावचे उत्तर

‘श्यामची आई’ला साहित्यातून खरे उत्तर मिळाले ते पुन्हा नाशिकमधूनच. काळाराम सत्याग्रहाच्या वर्षी, १९३० साली, नाशिकजवळच्या विहितगावात बाबुराव बागूल जन्मले. त्यांची ‘आई’ नावाची कथा आहे. कथेची सुरुवात शाळेच्या वर्गात होते. गुरुजी आईच्या वात्सल्याची कविता शिकवत आहेत, वर्ग भारावला आहे. आणि त्याच वर्गातली पोरे पांडूला त्याच्या आईवरून टोचून बोलतात. पांडूची आई विधवा आहे, इमारतीच्या कामावर मजुरी करते आणि तिचे नाव मुकादमाशी जोडले जाते.

बागुलांनी काय केले ते पाहा. कवितेतली आई त्यांनी खोटी ठरवली नाही. तिला वर्गात ठेवले आणि वर्गाबाहेर मजूर बाई उभी केली. या बाईला मुलाची माया आहे, शरीराची भूक आहे, भीती आहे आणि रोजगार ज्याच्या हातात आहे त्या मुकादमाची छाया आहे. तिने आईपणासाठी बाकी सारे जाळून टाकावे, अशी अपेक्षा वस्ती करते, मेलेला नवरा करत होता आणि शेवटी तिचा मुलगाही करतो. पांडू तिच्यापासून पळून जातो. श्यामला आईपाशी जे सापडते ते पांडूला सापडत नाही. दोष आईचा आहे असे कथा म्हणत नाही. कवितेने पांडूला जी आई शिकवली, तिच्याशी तो आपली आई ताडून पाहतो आणि तिथे त्याची फसगत होते.

मराठी समीक्षेने ही कथा दलित साहित्याच्या इतिहासात योग्य मानाने ठेवली आहे. पण मला ती कामाच्या जागेची कथा म्हणूनही वाचावीशी वाटते. कामावर कुणाला घ्यायचे हे ठरवणारा मुकादम, विधवा मजुराची असुरक्षितता, शरीराची आणि मजुरीची सरमिसळ हे सगळे आज आपण ‘कामाच्या ठिकाणचा लैंगिक छळ’ या शीर्षकाखाली बोलतो. २०१३ मध्ये त्यावर कायदा झाला. बागुलांच्या कथेत तो प्रश्न शीर्षकाशिवाय, पूर्ण गुंत्यासह आधीच आहे.

याच वाटेने पुढे ऊर्मिला पवारांच्या ‘आयदान’पाशी (२००३) येता येते. सूप-टोपल्या विणून घर चालवणारी आई आणि सरकारी नोकरी, मुले, शिक्षण, चळवळ यांची मोट बांधणारी मुलगी असे दोन पिढ्यांचे श्रम त्यात आहेत. आई आता दुसऱ्याच्या आठवणीत नाही, ती स्वतः लिहिते आहे. तिला आपल्या बाळंतपणाबद्दल, दमणुकीबद्दल, घरातल्या कुरबुरींबद्दल संकोच नाही. मुलगा आईवर लिहितो तेव्हा तो आठवण काढतो. आई स्वतः लिहिते तेव्हा ती हिशेब मांडते, आणि हा हिशेब मराठी गद्याला हवा होता.

५. कायद्याचे कुंपण

१९२९ चा कायदा कारखान्याच्या फाटकापाशी थांबत होता. शेतातली, घरकामातली, बांधकामावरची बाई त्याच्या बाहेर होती. १९६१ साली देशभरासाठी मातृत्व लाभ कायदा झाला. २०१७ च्या दुरुस्तीने पगारी रजा पहिल्या दोन मुलांसाठी बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवडे झाली आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघर बंधनकारक झाले. जगातल्या कितीतरी श्रीमंत देशांच्या तुलनेत हा आकडा उजवा आहे. अमेरिकेत तर देशपातळीवर पगारी बाळंतपणाची रजा देणारा सर्वसाधारण कायदाच नाही.

पण आंबेडकरांचा १९२८ चा मुद्दा इथे पुन्हा वाचण्यासारखा आहे. मोठा भार सरकारने उचलावा, असे ते म्हणाले होते. कर्मचारी विमा योजनेबाहेरच्या नोकरीत सव्वीस आठवड्यांचा पगार आजही एकट्या मालकाच्या माथी आहे. म्हणजे लग्नाच्या वयाची बाई नेमताना मालकाला खर्चाचा हिशेब दिसतो. हक्क कागदावर वाढला आणि त्याच हक्काच्या भीतीने दार बंद होण्याची सोयही झाली. नव्वदहून अधिक वर्षांपूर्वीचे भाषण आजच्या कायद्याच्या पुढे आहे, ते असे.

असंघटित क्षेत्रातली बाई तर अजून फाटकाबाहेरच आहे. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळंतपणासाठी तिला एकूण पाच हजार रुपये मिळतात, तेही हप्त्यांनी. नाशिकच्या आसपास पाहिले तरी चित्र स्पष्ट आहे. सातपूर-अंबडच्या कारखान्यात कायम नोकरीत असलेली बाई एका कायद्याखाली आहे. सुरगाणा-पेठहून द्राक्षाच्या हंगामात दिंडोरी-निफाडच्या बागांत येणारी बाई कुठल्याच हजेरीपटावर नसते. सिन्नरच्या विडी कामगारांना १९६६ च्या कायद्याने संरक्षण दिले, पण घरी बसून विड्या वळणाऱ्या बाईला मालक कोण हे दाखवतानाच दमछाक होते.

याचे सर्वांत भीषण रूप ऊसतोडीत दिसले. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून आधी उचल घ्यायची, मग हंगामभर ती फेडायची. एक दिवस खाडा झाला तर दंड. पाळीच्या दिवसांत, अंगावरून जात असताना, गरोदरपणातही मोळ्या उचलायच्या. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची गर्भपिशवी काढण्याच्या शस्त्रक्रिया मोठ्या प्रमाणात होत असल्याचे २०१९ मध्ये उजेडात आले. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणी केलेल्या ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. त्यात डॉक्टरांचा लोभ आहे, चुकीची माहिती आहे, कर्करोगाची भीती घालणे आहे, लहान वयातली लग्ने आणि बाळंतपणे आहेत. पण मुळाशी खाडा आहे. ज्या कामात शरीराला एका दिवसाची सुटी नाही, त्या कामात सुटी मागणारा अवयवच काढून टाकला जातो.

हा आकडा मी साहित्याच्या निबंधात का आणला? कारण बातमी आली तेव्हा आपल्या प्रतिक्रियेची भाषा पुन्हा ‘बिचाऱ्या माउल्या’ अशीच होती. संताप होता, पण तो दयेच्या वळणाचा. पगारी विश्रांती, आरोग्य तपासणी, फडावर पाळणाघर, शौचालय आणि खाड्याचा दंड बंद, या मागण्या ऊसतोड बायकांच्या संघटना मांडत आल्या आहेत. त्या मागण्यांचे गद्य आपल्याला साहित्य वाटत नाही. मथुरीची गोष्ट वाचून डोळे पुसणारा वाचक फडावरच्या मथुरीच्या मागणीपत्राला ‘रुक्ष’ म्हणतो. भाषेच्या संस्कारातून हेच घडते आणि म्हणून तो समीक्षेचा विषय आहे.

६. शेजारी ठेवून वाचणे

‘श्यामची आई’ अभ्यासक्रमातून काढावी, असे मी म्हणणार नाही. उलट ती अधिक नीट वाचावी. तापाने फणफणलेली आई, तिच्या जागी प्रदक्षिणा घालणारा मुलगा आणि कांडपाला येणारी मथुरी, या तिघांकडे आजच्या प्रश्नांनी पाहावे. तिच्याशेजारी १९२८ च्या भाषणाचा मराठी अनुवाद ठेवावा, ‘समाजस्वास्थ्य’मधली प्रश्नोत्तरे ठेवावीत, बागुलांची ‘आई’ ठेवावी, ‘आयदान’मधली पाने ठेवावीत. पुण्यात १८६३ साली जोतीराव-सावित्रीबाईंनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. संकटात सापडलेल्या विधवेने निर्धास्त येऊन बाळंत व्हावे, मूल ठेवावे की न्यावे हे तिने ठरवावे, असा त्यांचा व्यवहार होता. त्या घराची माहितीही या वाचनात यावी. मग विद्यार्थ्याला दिसेल, की आईविषयी मराठी समाज एकाच सुरात बोललेला नाही. हळव्या सुराच्या बरोबरीने एक कोरडा, नेमका, पैशाआण्यांत बोलणारा सूरही इथे होता. तो आईचा अपमान करत नव्हता. तिच्या थकव्याला किंमत आहे आणि ती कुणीतरी चुकवायची आहे, एवढेच तो म्हणत होता.

समीक्षेने आजवर या सुराला ‘प्रचारी’ किंवा ‘वैचारिक’ म्हणून बाजूला ठेवले. पण कोणते गद्य आपण साहित्य मानतो, यावर कोणते दुःख आपल्याला दुःख वाटते हेही ठरते. अश्रूंनी लिहिलेली आई आपल्याला दिसली, आठ आण्यांची दिसली नाही. नाशिकच्या तुरुंगात आणि विहितगावात दोन आया लिहिल्या गेल्या. दोन्ही एकत्र वाचण्याचे काम नाशिकमधून सुरू व्हावे, असे मला मनापासून वाटते. येत्या द्राक्षहंगामात सुरगाण्याहून पोटुशी येणाऱ्या बाईला त्या वाचनाचा लगेच उपयोग होणार नाही, हे मला कळते. पण तिच्या नावाची हजेरी लागावी, तिच्या विश्रांतीचे पैसे कुणी द्यायचे हे ठरावे, यासाठी आधी आपल्या भाषेत तिची ओळख ‘माउली’ एवढीच राहून चालणार नाही. ती कामगार आहे, हे मराठी गद्याने ठळक अक्षरांत लिहायला हवे.